खाडी ते खाडी: मांडव्याहून हर्णैपर्यंत सायकलनं

कोकण किनाऱ्यानं सायकलवर जायचं असेल तर आखणी करताना आधी खाड्या मोजा, किलोमीटर नंतर. मांडवा ते हर्णै या टप्प्यात मोठ्या खाड्या तीन: रेवदंड्याची कुंडलिका, जंजिऱ्याजवळची राजपुरीची खाडी आणि बाणकोटला समुद्राला मिळणारी सावित्री. तिन्हींच्या तोंडाशी किल्ले आहेत. पूर्वी घाटमाथ्यावरचा माल खाडीतूनच गलबतांवर चढायचा, तेव्हा खाडीचं तोंड ज्याच्या हातात, जकात त्याची. सायकलस्वाराचा दिवसही याच तोंडांपाशी ठरतो. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार, सोडून रस्ता पाण्यापर्यंत उतरतो, पूल किंवा फेरीबोट येते आणि पलीकडे लगेच चढ लागतो. किल्ला, उतार, बोट, चढ असा हा क्रम एकदा डोक्यात बसला की नकाशा आपोआप वाचता येतो.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि या रस्त्यावर तो विषय मला पायांनी शिकता येतो. हा मार्ग मी चार दिवसांत करायला सांगते. दमदार माणूस दोन दिवसांत संपवेल, पण मग एकही किल्ला आतून बघून होणार नाही.

सगळ्यात आधी पंचांग काढा. भरती-ओहोटीचं गणित किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतं. मला ते वडिलांनी शिकवलं. तिथीच्या अंकाला पाऊणनं गुणा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघा आणि किनाऱ्यावर कुणाला तरी विचारा. पण महिनाभर आधी तारीख ठरवायला हे गणित पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि तितकंच खूप मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी.

हे सगळं कशासाठी, तर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी. तिथे चालत जायचं तर ओहोटी हवी, तीही चांगली. त्यामुळे निघायचा दिवस तृतीया ते पंचमी यांमधला धरा. तेव्हा ओहोटी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरची सकाळची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, धरली तर मांडव्याला उतरून सुमारे २० किलोमीटर सपाट रस्त्यानं तुम्ही साधारण त्या वेळेच्या आसपास अलिबागला पोचता. रो-रोवर सायकल न खोलता नेता येते, हा या मार्गाचा मोठा फायदा. आदल्या दिवशी बोट आहे ना, याची खात्री करून घ्या. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सायकलचा मोसम. पहाटे जमिनीकडून मतलई वारे असतात, हलके आणि कोरडे. साडेदहा-अकरापासून खारे वारे सुरू होतात आणि दुपारी ते वायव्येकडून चांगलाच जोर धरतात. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. दुपारी थकल्यावर वारा पाठीवर येतो. उलट दिशेनं आलात तर काशीदच्या मोकळ्या रस्त्यावर सपाटीलाही चढाचा गिअर लावावा लागतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडे राहतो आणि दुपारचं ऊन उजव्या गालावर येतं, हे मात्र सोसायचं.

सायकलबद्दल थोडक्यात. रोड बाईक चालते, पण टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ३२ बसत असेल तर तोच घाला. मागच्या कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचाला, ३२ किंवा ३४ दात्यांचं मोठं चाक हवंच. इथले चढ लांब नसतात, पण उभे असतात, आणि बोटीतून उतरल्या उतरल्या थंड पायांनी घ्यावे लागतात. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप सोबत. वाटेतल्या सायकल दुकानांत साध्या सायकलचा व्हॉल्व मिळतो, रोड बाईकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्वची आशा धरू नका. पुढचा आणि मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा, कारण माडा-पोफळींच्या वाड्यांतून रस्ता जातो तिथे भर दुपारी सावली इतकी दाट असते की समोरच्या गाडीला तुम्ही दिसत नाही. त्याच वाड्यांत पट्टे न मारलेले गतिरोधक आणि पडलेल्या झावळ्या असतात. झावळीचा दांडा चाकात गेला तर स्पोक तुटतो, कधी डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, तोही वाकतो.

पहिला दिवस मांडवा ते मुरूड, सुमारे ७० किलोमीटर. कुलाब्याला जाताना सायकल किनाऱ्यावर ओळखीच्या नजरेखाली लावा. वाळूतून ढकलत नेऊ नका, ओली वाळू चेनमध्ये गेली की तीन दिवस कुरकुरते. गावातच कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. १७२९ साली ते गेले, तोवर या किनाऱ्यावर त्यांच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, जहाज हाकणं जोखमीचं होतं. अलिबाग ते रेवदंडा रस्ता चौलमधून जातो. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच चौल बंदरात उतरला होता. पुढे रेवदंड्यात तर तुम्ही न थांबताच किल्ल्यात शिरता, कारण रस्ताच पोर्तुगीजांच्या तटातून आत जातो आणि बाहेर पडतो. तरी थांबा. सातखणी बुरूज बघा. १७४० मध्ये हे ठाणं मराठ्यांकडे आलं.

कुंडलिकेच्या पुलावर वाऱ्याचा पहिला झटका बसतो. खोल रिमची चाकं असतील तर इथे दोन्ही हात हँडलवर घट्ट. पलीकडे उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर दिसतो, समुद्रात घुसलेला. वर किल्ला, पोटाशी दीपगृह. दीपगृहापर्यंत रस्ता आहे, तिथून चढून गेलं की खाडीचं तोंड आणि समोरचं रेवदंडा एका नजरेत येतं आणि दोन्ही बाजूंना किल्ला का लागला ते न सांगता कळतं. कोर्लईच्या एका वस्तीत अजून पोर्तुगीजपासून झालेली बोली घराघरांत बोलतात. शनिवार-रविवारी मात्र हा काशीदपर्यंतचा पट्टा टाळा. पर्यटकांच्या गाड्या आणि अरुंद रस्ता यांचा मेळ बसत नाही. गुरुवारी निघा, म्हणजे रविवारी तुम्ही दापोलीकडच्या बाजूला असता.

मुरूडला मुक्काम. कोकणात घरगुती राहण्याची सोय बहुतेक गावांत आहे, पण जेवण आयत्या वेळी मिळत नाही. किती ताटं, मासे की शाकाहारी, हे सकाळीच फोन करून सांगा. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, तेव्हा पाणी बाराच्या आत भरून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा. होडी अगदी भिंतीशी जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. तो मुद्दाम दोन बुरुजांच्या आड घेतलेला आहे. हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही आणि सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. वायव्येला पाण्यात दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर वचक ठेवायला बांधलेला. परत आल्यावर आगरदांड्याकडे जाताना वाटेवर खोकरीचे घुमट आहेत, सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी. फार थोडे लोक थांबतात. तुम्ही थांबा, सावली आणि शांतता दोन्ही मिळतं.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट. सायकलवाल्यानं बोटीत कसं चढावं हे मला नीट सांगायचं आहे, कारण या मार्गावरची घसरण बहुतेक इथेच होते. बोटीचा लोखंडी फळा धक्क्याच्या उतारावर टेकतो. धक्क्याचा खालचा भाग रोज भरतीत बुडतो, म्हणून त्यावर हिरवं शेवाळ असतं, आणि फळ्यावर गाड्यांच्या टायरनं आणलेला चिखल. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून तिथे पाऊलही टाकू नका. वरच, कोरड्यात, बूट काढून चपला घाला. गाड्या चढून होईपर्यंत थांबा, मग सायकल डाव्या बाजूला धरून, मागचा ब्रेक हलका दाबून, सरळ रेषेत खाली या. तिरकं गेलात की पुढचं चाक सरकतं. आत गेल्यावर कठड्याला टेकवून ब्रेक रबरबँडनं बांधून ठेवा. चेनची बाजू आतल्या अंगाला असू द्या, कारण कठड्यावरून तुषार येतात.

दिघीहून चढून दिवेआगर, आणि तिथून शेखाडी-आरावीमार्गे श्रीवर्धन. या साऱ्या प्रवासातला माझा सर्वांत आवडता तुकडा हा. रस्ता डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो, वळणावळणाला समुद्र समोर येतो. वेग आवरा, कारण वळणांवर वाळू उडून आलेली असते. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव, पेशव्यांचं मूळ. मुक्काम तिथे करा किंवा आणखी सुमारे २० किलोमीटरवर हरिहरेश्वरला.

हरिहरेश्वराच्या मागची प्रदक्षिणेची वाट फक्त ओहोटीला. भरतीत तिथे गेलेली माणसं लाटांनी ओढून नेली आहेत, तेव्हा पंचांगाचं गणित पुन्हा करा आणि देवळात विचारूनच पायऱ्या उतरा. खाली लाटांनी कापलेला खडकाचा सपाट कट्टा आहे आणि कड्याला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं. खारं पाणी दगडाच्या बारीक भेगांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण न् कण सुटा होतो. दगडाची ही गत होते, तर सायकलच्या धातूचं काय होत असेल? म्हणून रोज संध्याकाळी, जेवणाआधी, एक तांब्या गोडं पाणी आणि फडकं. स्पोकची टोकं जिथे रिममध्ये शिरतात तिथले निपल, डिरेलरचे स्क्रू आणि चेन आधी. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेन कोरडी पुसा, मगच तेल, प्रत्येक कडीला एक थेंब, आणि वरचं जास्तीचं पुन्हा पुसून टाका. तेल बाहेर राहिलं की जांभ्याची लाल धूळ त्याला चिकटून खरखरीत लगदा होतो आणि तो दाते झिजवतो.

तिसरा दिवस अवघड. बागमांडल्याहून वेश्वीला बोट, मग खाडीकाठानं बाणकोट. किल्ल्याचा चढ उभा आहे, उतरून ढकलायला हरकत नाही. १७५६ मध्ये हा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. वरून सावित्रीचं तोंड बघा. किल्ल्याच्या डोंगरापलीकडे, दक्षिणेला वेळास, नाना फडणविसांचं गाव. फेब्रुवारीअखेरीनंतर आलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात. ती सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, त्यामुळे तिथे मुक्काम वाढवावा लागतो. वेळास ते केळशी मधे भारजा नदीची खाडी आहे आणि रस्ता डोंगरातून वरखाली करत राहतो. या पट्ट्यात पाणी दुप्पट घ्या, खायला सोबत ठेवा, दुपारच्या आत संपवा. केळशीनंतर आडे-पाडलेमार्गे आंजर्ल्यापर्यंत पुन्हा समुद्र शेजारी येतो. आंजर्ल्यात कड्यावरचा गणपती चुकवू नका. तिथून सुवर्णदुर्ग दिसतो, त्याच्यासमोरचं हर्णै हाच दिवसाचा मुक्काम.

हर्णैच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं पेशव्यांशी संगनमत करून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. त्याच्या विधवेनं १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला, तो अजून सेव्हर्नड्रूग या नावानं उभा आहे. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. जा, पण सायकल खोलीवर ठेवून, कारण किनाऱ्यावर बैलगाड्या, टोपल्या आणि खारं पाणी यांतून वाट काढावी लागते.

चौथ्या दिवशी परतीचा रस्ता. हर्णैहून दापोलीपर्यंत चढ आहे, सकाळी सहाला निघा. दापोलीहून खेड सुमारे ३० किलोमीटर, बराचसा उतार, पण वळणांवर जांभ्याचे खडे पडलेले असतात. खेड स्टेशनवर गाडीच्या निदान दीड तास आधी पोचा. पार्सल कार्यालयात सायकल नोंदवावी लागते, ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. पेडल काढून पिशवीत, हँडल आडवं वळवून बांधलेलं, मागच्या डिरेलरवर पुठ्ठ्याची टोपी, आणि नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी. चाकांतली थोडी हवा सोडा. गाडी आली की लगेज डबा कुठे लागतो ते हमालाला आधीच विचारून तिथेच उभे राहा, कारण खेडला गाडी फार वेळ थांबत नाही.