उन्हाळी कामांत वडीलधाऱ्यांना जपताना

'तू हो पुढे, एवढी ओळ उरकून आलोच.' हे वाक्य ज्यांच्या घरात रोज ऐकू येते, त्यांच्यासाठी हा सल्ला. वडीलधाऱ्यांना शेतावर येऊच देऊ नका, असे मी सांगणार नाही. चाळीस-पन्नास वर्षे जमीन कसलेल्या माणसाला घरी बसवले, तर ते मनाने खचतात. बदलायला हवी ती कामाची वेळ, आणि त्यांच्यावर ठेवायची आपली नजर.

साठी ओलांडली की शरीर धोक्याची वर्दी उशिरा देते. अंगातले पाणी कमी झाले तरी तहान पूर्वीसारखी लागत नाही. घाम उशिरा सुटतो आणि कमीही येतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे जास्त रक्त पाठवावे लागते, त्यात हृदयावर ताण पडतो. त्यात भर औषधांची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, तर काहींमुळे हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत. तेव्हा 'मला तहानच नाही' असे वडील म्हणतात तेव्हा ते हट्ट करत नसतात, त्यांना खरोखरच जाणवत नसते. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ऊन वाढण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

म्हणून पाणी तहानेवर सोडू नका, घड्याळावर द्या. उन्हात काम चालू असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर. राहिलेले पाणी एकदम पाजून भरून काढायला जाऊ नका. तासाभरात दीड लिटरच्या वर गेले तर रक्तातले मीठ पातळ होण्याचा धोका असतो. खूप घाम गेला असेल तर जलसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा, चमचा चहाचा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. आणखी एक साधी गोष्ट: पाण्याचे भांडे बांधावर ठेवले की ते तिथेच राहते आणि माणूस ओळीतून पुढे जातो. पाण्यासाठी ते मागे येत नाहीत. काम सरकेल तसे भांडेही सरकवा.

माल मोजायचा वजनकाटा घरात असेल तर त्याचा इथे फार उपयोग होतो. सकाळी निघताना आणि परतल्यावर, घामेजलेले कपडे काढून, वजन करा. दिवसभरात एक किलो घटले म्हणजे जवळपास एक लिटर पाणी अंगातून गेले आणि भरून निघाले नाही. साठ किलोच्या माणसाचे सव्वा किलो घटले, तर दुसऱ्या दिवशी त्यांना उन्हात नेऊ नका. लघवी गडद पिवळी होत असेल तरी तेच समजा. आकडा समोर दिसला की ऐकून घेणे त्यांनाही सोपे जाते.

वेळेबाबत एक गैरसमज फार आहे. सूर्य कलला की ऊन उतरले असे वाटते, पण हवा सहसा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जास्त तापलेली असते. वडीलधाऱ्यांची कामे पहाटेपासून दहाच्या आत आटोपा. उरलेली सावलीतली निवड, बांधणी, बियाण्याची साफसफाई त्यांच्याकडे द्या. हवामानाच्या बातमीतले तापमान सावलीत मोजलेले असते. भर उन्हात अंगाला ते सात-आठ अंशांनी जास्त भासू शकते. पॉलिहाऊसमध्ये तर वारा नसतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही.

उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. आजारपणातून उठलेल्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या एक पंचमांश काम करावे आणि रोज तेवढीच भर घालावी.

फवारणी मात्र वडीलधाऱ्यांनी उन्हाळ्यात करूच नये, हे माझे ठाम मत आहे. संरक्षक कपड्यांत उष्णता कोंडते, घामाने ओल्या कातडीतून औषध जास्त शोषले जाते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी ही लक्षणे विषबाधेचीही असतात आणि ऊन लागल्याचीही, त्यामुळे मोलाचा वेळ हातचा जातो.

सैल सुती कपडे, रुंद काठाची टोपी हे सगळ्यांना माहीत आहे. इन्सुलिन मात्र पंपाच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका, उष्णतेने ते खराब होते.

रात्रीचाही विचार करा. २००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू जास्त झाले. त्यांत बहुतेक वृद्ध होते, अनेक जण घरात एकटे होते, आणि रात्रीही हवा गार होत नव्हती. रात्र उकाड्याची गेली असेल तर दुसऱ्या दिवशी काम निम्म्यावर आणा.

ऊन बाधू लागले की वडीलधारी माणसे तक्रार करत नाहीत, त्यांचे हात सांगतात. रोजची दोरीची गाठ तीनदा चुकते. हातातले खुरपे कुठे ठेवले ते आठवत नाही. सपाट बांधावर पाय अडखळतो. तिथेच काम थांबवा. सावलीत आडवे करा, पाय थोडे उंच ठेवा, घोट-घोट पाणी द्या. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली किंवा आकडी (फिट) आली, तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरीही. शरीराचे तापमान तेव्हा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असू शकते, पण थर्मामीटर शोधत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत सर्वांगावर गार पाणी ओतत वारा घाला. मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार ओली कापडे ठेवा. तापाची गोळी इथे काम करत नाही. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. एकाने पाणी ओतत राहावे आणि दुसऱ्याने मुख्य रस्त्यावर जाऊन उभे राहावे, कारण शेताकडची वाट बाहेरच्या चालकाला सापडत नाही.