समुद्रशैवाल स्वयंपाकात वापरताना या चुका टाळा

पालेभाजी आणली की निवडायची, तीन पाण्यांतून धुवायची आणि शिजवायची, ही आपली सवय. समुद्रशैवालाच्या बाबतीत हीच सवय नडते. ठाण्या-नवी मुंबईतल्या मोठ्या दुकानांत हल्ली नोरी (सुशीला गुंडाळतात ती पातळ पापडी), वाकामे (सुकी पानं), कोंबू (जाड सुक्या पट्ट्या) ही जपानी स्वयंपाकातली शैवालं सहज मिळतात. चायना ग्रास तर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर कधीपासूनच विकायला असतं. हो, चायना ग्रास शैवालापासूनच बनतं. तेव्हा सुरुवात त्याच्यापासून.

दुधाच्या चायना ग्रासमध्ये दोरे आणि गुठळ्या होतात, ही नेहमीची तक्रार. पट्ट्या थेट दुधात टाकल्या की हमखास असं होतं. त्या आधी थंड पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग त्याच पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. दुसऱ्या गॅसवर दूध गरम हवं, कारण हा रस ४० अंशांच्या खाली आला की धरायला (घट्ट व्हायला) लागतो आणि फ्रिजमधलं दूध त्याला तिथल्या तिथे गोठवतं. गाळून ओता. अर्ध्या लिटर दुधाला साधारण ५ ग्रॅम पट्ट्या पुरतात. जास्त घातल्या तर रबर चावल्यासारखं लागतं.

बिघडलं तरी फेकू नका. एकदा धरलेलं चायना ग्रास ८५ अंशांच्या आसपास पुन्हा वितळतं. सैल झालं असेल तर परत गरम करून विरघळवलेल्या आणखी थोड्या पट्ट्या मिसळा. लिंबू, कैरी, कोकम यांसोबत मात्र उकळू नका, आंबटपणात धरण्याची ताकद जाते. आंबट रस गॅस बंद केल्यावर घाला. कच्चा अननस चालतो. तो बिघडवतो जिलेटिनला, आणि जिलेटिन प्राणिज असतं. फ्रीझरमध्येही ठेवू नका: गोठून वितळलं की पाणी सुटतं. या पट्ट्या मुळात तशाच बनवतात, जेली गोठवून तिच्यातलं पाणी काढून.

कोंबूवर पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी समजून अनेक जण नळाखाली चोळून धुतात आणि चव मोरीत जाते. कोरड्या फडक्याने धूळ तेवढी झटका. (केसाळ, कुबट वास येणारा थर असेल तर ती खरोखर बुरशी, ते टाका.) टोकियोत किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट, म्हणजे चवीला भरीवपणा देणारं द्रव्य, वेगळं केलं ते कोंबूच्याच पाण्यातून. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम तुकडा अर्धा तास भिजवा, मंद तापवा आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढा. खळखळ उकळलं तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. हे पाणी मुगाच्या कढणात छान लागतं. गोडा मसाल्याच्या आमटीत घालणं म्हणजे पैसे वाया.

वाकामे भिजल्यावर कित्येक पट फुगतं, म्हणून चौघांना चमचा-दोन चमचे पुरे. पाच मिनिटांत निथळा.

नोरी आपल्या पावसाळ्यात तासाभरात मऊ पडते. हवाबंद डब्यात, पाकिटातली सिलिका पुडी तशीच ठेवून साठवा. मऊ पडलीच तर मंद तव्यावर काही सेकंद फिरवा आणि वाढताना, अगदी शेवटी, खिचडीवर किंवा भुर्जीवर चुरा.

हिजिकी नावाचं काळं शैवाल दिसलं तर घेऊ नका. त्यात असेंद्रिय आर्सेनिक (आर्सेनिकचा विषारी प्रकार) जास्त असतं. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते खाऊच नये असं सांगितलं आहे. ठाण्याच्या खाडीकाठी दगडांवर दिसणारं हिरवं शेवाळही हौसेने काढून आणू नका. शैवाल पाण्यातले जड धातू शोषून घेतं आणि त्या खाडीला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने लागून आहेत.

प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. एका ग्रॅम सुक्या कोंबूत अनेकदा हजाराच्या वर असतं, शिवाय आपलं मीठही आयोडीनयुक्त. घरात कुणाला थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर कोंबू डॉक्टरांना विचारूनच. नोरीत ते त्या मानाने बरंच कमी असतं.