मॉनिटरच्या मागे लावायची एलईडी पट्टी कशी निवडायची

मॉनिटरमागची लाइट घ्यायची म्हटलं की सगळे आधी रंग बघतात. बॉक्सवर १ कोटी ६७ लाख रंग असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, तो आकडा लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्यांवरून येतो, त्यामुळे जवळपास सगळ्याच पट्ट्यांवर तोच दिसेल. पण रोज कामाला बसल्यावर लागते ती साधी पांढरी लाइट, आणि तीच जर निळसर-जांभळी पडत असेल तर बाकीच्या रंगांचं काय करायचं? म्हणून आधी पांढरा कसा आहे ते बघा, रंग नंतर.

त्याच्याही आधी भिंत बघा. आपल्या डोळ्यात येतो तो भिंतीवर आपटून परत आलेला उजेड, त्यामुळे मॉनिटरमागे भिंतच नसेल, टेबल खोलीच्या मधोमध असेल, तर या लाइटचा फारसा उपयोग नाही. भिंत पिवळी असेल तर पांढरा उजेडही पिवळट दिसणार, आणि चकचकीत ऑइल पेंट असेल तर एकेक एलईडीचा ठिपका वेगळा दिसतो. मॉनिटर आणि भिंतीत १०-२० सेंटीमीटर अंतर असलं की उजेड छान पसरतो, अगदी चिकटून असेल तर कडेने नुसती एक बारीक रेघ दिसते.

आता प्रकार ठरवायचा. साधी पांढरी पट्टी, मग आरजीबी म्हणजे जिच्यात अख्खी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते, आणि तिसरी अ‍ॅड्रेसेबल, जिच्यात प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येतो. स्क्रीनवर डावीकडे समुद्र आणि उजवीकडे सूर्यास्त असेल तर भिंतीवरही तसंच दिसावं असं वाटत असेल तर तिसरीच लागते, साध्या आरजीबीला ते जमणारच नाही, कितीही भारी अ‍ॅप असलं तरी. नुसतं रात्री अंधारात काम करताना डोळ्यांना बरं वाटावं एवढंच हवं असेल तर साधी पांढरी घ्या आणि पुढची निम्मी डोकेदुखी वाचवा.

पांढऱ्यात दोन आकडे बघायचे. एक म्हणजे कलर टेंपरेचर, म्हणजे पांढरा किती पिवळट किंवा निळसर आहे त्याचं माप, ते ६५०० केल्विन हवं, कारण बहुतेक मॉनिटरचा पांढरा त्याच हिशोबाने सेट केलेला असतो आणि भिंत आणि स्क्रीन एकमेकांना जुळतात. दुसरा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, तो ९० किंवा वर असावा, फोटो-व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर यात तडजोड नकोच. साध्या आरजीबी पट्टीत खरा पांढरा एलईडी नसतोच, तीन रंग मिसळून पांढऱ्यासारखं काहीतरी बनवलेलं असतं. रंगही हवेत आणि चांगला पांढराही हवा असेल तर आरजीबीडब्ल्यू लिहिलेली बघा, तिच्यात पांढरा वेगळा दिलेला असतो. तो पांढराही ६५००च्या जवळचा आहे ना, ते वाचून घ्या, कारण वॉर्म व्हाइट म्हणजे पिवळट पांढरावालेही बरेच प्रकार असतात.

लांबी मोजताना स्क्रीनचा इंच धरू नका, मॉनिटर फिरवून मागून टेपने मोजा. २७ इंची मॉनिटरची स्क्रीन साधारण ६० बाय ३४ सेंटीमीटर, पट्टी कडेपासून तीन-चार सेंटीमीटर आत घ्यायची म्हणजे चारही बाजूंना मिळून दीड मीटरच्या आसपास लागते. टेबलावर काच असेल तर खालची बाजू सोडूनच द्या, तिथला उजेड काचेतून थेट डोळ्यात येतो. जास्तीची पट्टी कापता येते, पण फक्त तांब्याच्या खुणेवर. १२ व्होल्टवाल्यात ती खूण बहुधा दर तीन एलईडींनंतर असते, ५ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२बी या नेहमीच्या अ‍ॅड्रेसेबल प्रकारात प्रत्येक एलईडीनंतर.

पॉवरचा भाग मात्र नीट वाचा, लोक इथेच फसतात. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो म्हणजे अडीच वॉट, यूएसबी ३ चा निळा पोर्ट ९०० म्हणजे साडेचार वॉट. आणि डब्ल्यूएस२८१२बीचा एक एलईडी फुल पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत खाऊ शकतो, म्हणजे मीटरला ६० एलईडी असतील तर ३.६ अँपिअर, १८ वॉट! हे पोर्टला झेपणारं नाही, मग लाइट मंद होते, शेवटचं टोक पिवळट-लालसर पडतं, नाहीतर पोर्टच बंद होतो. अशा पट्टीला वेगळा अडॅप्टर हवाच. मदरबोर्डला जोडणार असाल तर ३ पिनचा ५ व्होल्टचा कनेक्टर आणि ४ पिनचा १२ व्होल्टचा कनेक्टर यात अजिबात गल्लत नको, ५ व्होल्टची पट्टी १२ वर लावली की जळालीच समजा.

कंट्रोलसाठी साधा रिमोट असेल तर त्याच्या सेन्सरला रिमोट दिसावा लागतो, म्हणजे तो मॉनिटरमागे लपवून चालत नाही. अ‍ॅपवाली असेल तर बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात हे लक्षात असू द्या, आणि वीज जाऊन परत आली की पट्टी आधीचं सेटिंग लक्षात ठेवते का ते आवर्जून विचारा, नाहीतर दरवेळी इंद्रधनुष्य नाचायला लागतं. हाताने जोडणी करायची आवड असेल तर ईएसपी३२ नावाच्या छोट्या वायफाय बोर्डवर डब्ल्यूएलईडी हे लाइट चालवणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे आणि कुठलं अकाउंट उघडावं लागत नाही.

स्क्रीनप्रमाणे रंग बदलायचे तर तीन रस्ते. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर सगळ्यात सोपं, पण ते थोडा प्रोसेसर खातं आणि कॉपी-प्रोटेक्शनवाला व्हिडिओ लावला की त्याला बऱ्याचदा नुसता काळा चौकोन दिसतो आणि लाइट विझते. कॉम्प्युटर आणि मॉनिटरच्या मधे वायरवर बसणाऱ्या एचडीएमआय बॉक्समध्ये ही कटकट नाही, मात्र तुमचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर १४४ हर्ट्झला चालत असेल तर तो बॉक्स तेवढं पुढे पाठवतो का ते आधी तपासा. कॅमेरावाला प्रकार स्क्रीनच्या वर बसतो आणि खोलीतल्या ट्यूबलाइटनेही गोंधळतो, मला तो मॉनिटरसाठी पटत नाही.

पट्टी लुकलुकते का ते बघायला लाइट मंद करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर ती लुकलुकतेय, डोकं दुखणाऱ्यांनी अशी पट्टी परत करावी.

चिकटवण्याआधी मॉनिटरची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हवेची छिद्रं झाकू नका, आणि कोपऱ्यावर वळवताना एलईडीवर घडी येऊ देऊ नका. अ‍ॅड्रेसेबलवर छापलेला बाण कंट्रोलरपासून लांब जाणारा हवा, उलटी लावली तर पेटणारच नाही. मग स्क्रीनवर पांढरं पान उघडून ब्राइटनेस लावा, भिंत स्क्रीनच्या पांढऱ्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास पुरते, भिंतीकडेच नजर जात असेल तर अजून कमी करा. आणि कॉम्प्युटर बंद केल्यावरही यूएसबीवरची लाइट चालूच राहिली तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ईआरपी नावाचं सेटिंग शोधून ऑन करा, बहुतेक बोर्डवर त्याने पोर्टचा करंट बंद होतो.