मायक्रोकंट्रोलरचा बूटलोडर सुरक्षित करताना हॅश का जुळत नाही

बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही शेतीच्या मोटारींचे मोबाइल स्टार्टर बनवतो. खानापुरातला शेतकरी रात्री थ्री फेज आली की घरूनच मोटार चालू करतो. चिपमध्ये परका कोड शिरला आणि ड्राय-रन संरक्षण (पाणी नसताना मोटार बंद करणारे) गेले, तर मोटार जळते आणि भुर्दंड त्याला बसतो. म्हणून बूटलोडरने, म्हणजे चिप चालू होताच आधी धावणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, बाकीचा कोड आपलाच आहे हे तपासूनच तो सुरू करायचा.

‘सीआरसी (डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) टाका, पुरे झाले’ हा सल्ला ऐकू नका. सीआरसी वाटेत बिघडलेला डेटा पकडते, लबाडी नाही. नुसता एसएचए-२५६ हॅश, म्हणजे डेटाचा ठसा, सुद्धा पुरत नाही, कारण फर्मवेअर (चिपमधला कोड) बदलणारा हॅशही नवा काढून ठेवतो. डिजिटल सही हवीच.

एसटीएम३२एल४ हा मायक्रोकंट्रोलर घ्या. फ्लॅशचे (कोड साठवायच्या मेमरीचे) पहिले ३२ केबी बूटलोडरला, पुढे अॅप, म्हणजे मोटार सांभाळणारा मुख्य कोड. अॅपचा व्हेक्टर टेबल (इंटरप्ट आल्यावर कुठे जायचे ते पत्ते) अॅपच्याच जागेत हलवा. एड२५५१९ या सहीच्या पद्धतीची किल्लीजोडी काढा: ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली बूटलोडरमध्ये, खासगी किल्ली नेट नसलेल्या मशीनवर.

खरी गोची इथून पुढे. सही हॅशवर होते, म्हणून दोन्हीकडचा हॅश जुळायला हवा. लॅपटॉप हॅश काढतो फाइलचा, चिप काढते फ्लॅशचा, आणि दोन्हींत तेच बाइट असतील असे आपण गृहीत धरतो. माझी फाइल होती ४१,२४० बाइटची. बूटलोडर मात्र २ केबीची अख्खी पाने मोजत ४३,००८ बाइट वाचत होता. शेवटचे १,७६८ बाइट म्हणजे कोरी फ्लॅश, सगळे एफएफ (कोऱ्या बाइटची किंमत). एसएचएचा कोड चुकलाय समजून मी तीन रात्री तोच तपासत बसलो. तुम्ही आधी दोन्हीकडची लांबी सिरियल पोर्टवर छापा. दुसरा सापळा हेक्स फाइलचा (तीत बाइट पत्त्यांसकट लिहिलेले असतात): डीबगरने हेक्स चढवली तर मधल्या फटी एफएफ राहतात, ऑब्जकॉपी या टूलने बनवलेल्या बिनमध्ये (नुसत्या बाइटच्या फाइलमध्ये) त्या शून्याने भरतात. म्हणून चाचणीलाही सही केलेली बिनच चढवा.

लांबी आणि आवृत्ती इमेजच्या (चढवायच्या फर्मवेअर फाइलच्या) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, ठेवा, आणि सही हेडरसकट करा. हेडर सहीबाहेर ठेवलात तर लांबी कोणीही बदलेल. हॅश सुरू करण्याआधी लांबी अॅपच्या जागेत मावते का तेही बघा, नाहीतर चिप भलतीकडे वाचत सुटते. आवृत्ती जुनी असेल तर इमेज नाकारा. सही बरोबर असलेले, पण दोष असलेले जुने फर्मवेअरही परत यायला नको.

बूटलोडरची पाने राइट-प्रोटेक्ट करा, म्हणजे त्यांवर कोणी लिहू शकणार नाही. रीड-आउट प्रोटेक्शनची (चिप बाहेरून वाचू न देणाऱ्या कुलपाची) लेव्हल २ सगळ्यात शेवटी लावा, एल४ वर ती पुन्हा काढता येत नाही. त्याआधी सही केलेल्या इमेजमधला एक बाइट बदलून चढवा, मग हेडरमधली लांबी बदलून चढवा. दोन्ही वेळा मोटार चालू करणारा रिले उचलता कामा नये.