चार्ल्सटनच्या ‘साउथ ऑफ ब्रॉड’मध्ये घर घेण्यापूर्वी

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन शहराचा जुना भाग ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूभागावर वसला आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेकडून ‘बॅटरी’ या पाण्याकाठच्या बांधापर्यंत पसरलेली वस्ती म्हणजे ‘साउथ ऑफ ब्रॉड’. येथे घर घ्यायचे असेल, तर दिवाणखान्याआधी पाणी पाहावे. मोठ्या भरतीचा दिवस निवडून, शक्यतो पाऊस चालू असताना, त्या गल्लीत अर्धा तास उभे राहावे. भरतीमुळे बाहेरची पातळी चढली की पावसाच्या पाण्याला गटारातून वाट मिळत नाही. अशा वेळी रस्ता कुठे तुंबतो आणि पाणी कितव्या पायरीला लागते, हे तेथेच प्रत्यक्ष दिसते.

विम्याची चौकशी सौद्याआधीच करावी. साध्या घरविम्यात पुराचे नुकसान धरले जात नाही, आणि राष्ट्रीय पूरविमा योजनेत घरासाठी जास्तीत जास्त २,५०,००० व सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. येथील घरांच्या किमती पाहता ही रक्कम फारच अपुरी आहे, म्हणून वरच्या रकमेसाठी खासगी विम्याचे दर आधीच मागवावेत. गृहकर्जाच्या व्यवहाराबरोबर न घेतलेली पूरविम्याची पॉलिसी सहसा ३० दिवसांनंतरच लागू होते. वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

मग भिंतींकडे वळावे, आणि येथे मुळीच घाई करू नये. जुन्या विटा मऊ असतात आणि त्यांचे सांधे चुन्याचे असतात, त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल सांध्यांवाटे बाहेर पडते. पुढे कोणी ते सांधे सिमेंटने भरले असतील, तर ओल विटेतच अडकते आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. सांधा करडा व टणक आणि शेजारची वीट खडबडीत, खोल गेलेली दिसली, तर दुरुस्तीचा खर्च मोठा आहे असे समजावे. काही विटांवर बोटांचे ठसेही आढळतात. ओल्या मातीत ते उमटवणारे हात गुलामगिरीत राबणाऱ्या माणसांचे होते आणि मागच्या अंगणातल्या स्वयंपाकघराच्या इमारतीत, अनेकदा त्याच्या माडीवर, अशीच माणसे राहत असत. ती इमारत पाहुण्यांसाठी सजवण्यापूर्वी हा इतिहास समजून घ्यावा आणि अशा विटा गिलाव्याखाली दडपू नयेत.

बाहेरच्या भिंतीवर लोखंडी चकत्या दिसल्या, तर ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर घर आवळून धरण्यासाठी आरपार घातलेल्या सळ्यांची ती टोके असण्याची शक्यता मोठी आहे; अभियंत्याला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये. वाळवीसाठी सीएल-१००, म्हणजे लाकडाला लागलेल्या किडीच्या तपासणीचा अधिकृत अहवाल, अवश्य मागावा.

चार्ल्सटनने १९३१ मध्ये देशातला पहिला वारसा-संरक्षण विभागाचा नियम केला. रस्त्यावरून दिसणारा बाह्य बदल, मग तो खिडकीचा असो, छपराचा असो वा रंगाचा, बोर्ड ऑफ आर्किटेक्चरल रिव्ह्यू या शहराच्या मंडळाच्या व्यवस्थेतून मंजूर करून घ्यावा लागतो. काही घरांवर हिस्टॉरिक चार्ल्सटन फाउंडेशनसारख्या संस्थेचे कायमचे संरक्षण-हक्क, म्हणजे घरात बदल करण्यावर मर्यादा घालणारे हक्क, असतात. ते मालक बदलला तरी सुटत नाहीत आणि कधी घराच्या आतल्या भागालाही लागू असतात. म्हणून दस्तऐवज वकिलाकडून वाचून घ्यावेत. मालमत्ता कराचा अंदाज विक्रेत्याच्या बिलावरून बांधू नये, कारण खरेदीनंतर घराचे मूल्य नव्याने ठरते. शिवाय कर आकारण्यासाठी स्वतःच्या कायम वास्तव्याच्या घराच्या मूल्याचे ४ टक्के, तर दुसऱ्या घराच्या मूल्याचे ६ टक्के धरले जातात, आणि ४ टक्क्यांसाठी अर्ज करावा लागतो.

येथील ‘सिंगल हाउस’ रस्त्याकडे एका खोलीएवढेच रुंद असते आणि त्याचा लांब व्हरांडा, म्हणजे पियाझा, बाजूला असतो. रस्त्यावरचे दार घरात न उघडता या पियाझावर उघडते. ते उघडे असेल तर येणाऱ्याचे स्वागत आहे आणि बंद असेल तर घरच्यांना निवांतपणा हवा आहे, असा जुना संकेत सांगतात. पियाझाच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीत खिडक्या मुद्दाम कमी ठेवलेल्या असतात, कारण ती भिंत शेजाऱ्याच्या पियाझाकडे असते. तेथे नवी खिडकी काढण्याचा विचारही करू नये. शेजाऱ्यांशी ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी आणि मोठ्या भरतीच्या रात्री ते गाड्या कुठे नेऊन लावतात, हे विचारून ठेवावे, कारण रस्त्यावर चढणारे ते पाणी खारे असते.