दोन चिंचिला माद्यांची मारामारी: शेवटी जमलं ते असं

चिंचिला म्हणजे दाट मऊ केसांचा, उंदीर-खारीच्या जातकुळीतला छोटा पाळीव प्राणी. म्हापशाला घरी थोरली होतीच, तिच्या सोबतीला धाकटी आणली. थोरली मागच्या पायांवर उभी राहून तिच्यावर लघवीची पिचकारी मारायची, दात कटकटवायची. सकाळी पिंजऱ्यात केसांचे पुंजके.

आधी थेट एकत्र ठेवलं, धाकटीचा कान फाटला. मोठा पिंजरा आणला, तरी तेच. पंधरा रात्री जागून काढल्या.

मग दोन पिंजरे शेजारी ठेवले, मध्ये चार-पाच इंच अंतर. त्याहून जवळ नको, जाळीतून पायाची बोटं चावतात. आठवड्यानंतर रोज संध्याकाळी दोघींच्या पिंजऱ्यांची अदलाबदल, आणि धूळ-अंघोळ (केस साफ ठेवायला चिंचिला बारीक धुळीत लोळतात) एकाच भांड्यातल्या धुळीत, आळीपाळीने. अंगाला एकमेकींचा वास लागला पाहिजे.

दोन आठवड्यांनी समोरासमोर. बरेच जण बाथरूम सुचवतात, पण गोव्याच्या दमट हवेत ते नकोच. हा अँडीजचा प्राणी, पंचविशीच्या वर पारा गेला की धापा टाकतो. मी पाहुण्यांची एसी खोली घेतली, तिथे दोघींचंही राज्य नव्हतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, हाताशी जाड टॉवेल. पाठलाग, अंगावर चढणं चालू द्यायचं. केस उडाले किंवा दोघींचा गोळा झाला की लगेच वेगळं करायचं.

शेवटी पिंजरा धुऊन फळ्यांची मांडणी बदलली. गवत, बाटली, लाकडी घरटं सगळं दोन-दोन. घरट्याला दोन दारं, म्हणजे कोणी कोपऱ्यात सापडत नाही.

आता एका फळीवर चिकटून झोपतात. पिचकारी अधूनमधून मला.