ब्लॅक बॉक्समध्ये एकांकिका बघायला जाताना

पणजीच्या कला अकादमीत ब्लॅक बॉक्समध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या नाट्यगृहात, प्रायोगिक एकांकिका असतील, तर अर्धा तास आधी पोचा. तिथे रंगमंच उंचावर नसतो, नट पहिल्या रांगेपासून दोन-तीन हातांवरच उभा असतो. त्यामुळे उशिरा आलेला प्रेक्षक थेट प्रवेशातच घुसतो. उशीर झालाच तर दाराशी थांबा आणि दोन एकांकिकांच्या मधल्या नेपथ्यबदलात आत जा.

बसायला दुसरी-तिसरी रांग बरी. अगदी कडेला बसलात तर एखाद्या नटाची पाठच बघावी लागते. मोबाईल नुसता सायलेंट नको, बंदच करा. अंधारात स्क्रीनचा उजेड नटाच्या डोळ्यांवर येतो. मनगटावरचं स्मार्ट घड्याळही हात हलला की पेटतं, हे हमखास विसरलं जातं. पावसाळ्यात ओली छत्री बाहेरच ठेवा. आत पाणी गळलं की अनवाणी नट त्यावरून घसरतो.

काळोख झाला म्हणून लगेच टाळ्या नकोत, तो प्रवेशबदलही असू शकतो. दिवे पुन्हा लागून नट वाकेपर्यंत थांबा.

आणि परतीची बस आधीच विचारून ठेवा. रात्री गावाकडच्या गाड्या विरळ होतात.